कोडच्या आधीचं काम

मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे पैसे मोजायचे नसतील तर बरेच जण लिबरऑफिस उतरवून घेतात. पत्रं लिहा, हिशेबाचे तक्ते करा, सगळं फुकट. त्याची कुळकथा जर्मनीत सुरू होते. तिथल्या स्टारडिव्हिजन कंपनीचं स्टारऑफिस १९९९ मध्ये अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सनं विकत घेतलं, पुढच्या वर्षी त्याचा कोड खुला केला आणि २०१० मध्ये त्यावर राबणाऱ्या मंडळींनी वेगळी चूल मांडली, तेच हे लिबरऑफिस. वारशात मिळालेल्या लाखो ओळींच्या कोडात प्रोग्रामरांनी जागोजागी टिपा लिहून ठेवल्या होत्या, आणि त्यातल्या असंख्य चक्क जर्मनमध्ये. ब्राझीलमधल्या किंवा पुण्यातल्या माणसाला त्या वाचून काय कळणार? मग नवख्यांसाठी राखलेल्या सोप्या कामांच्या यादीत हे काम गेलं: जर्मन टिपा इंग्रजीत आणा. प्रोग्रामिंग जेमतेम येणाऱ्या, पण जर्मन जाणणाऱ्या लोकांना त्यामुळे प्रकल्पात शिरायला दार मिळालं.

ओपन सोर्समध्ये, म्हणजे अशा खुल्या कोडच्या प्रकल्पांत, हात घालायचा तर आधी कोडिंगमध्ये पंडित व्हावं लागतं, असा समज कॉलेजांमध्ये पक्का आहे. दुसरं टोक याहून वाईट. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जगभर वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट प्रकल्पावर पुल रिक्वेस्टींचा पाऊस पडला. म्हणजे ‘मी हा बदल केलाय, तुमच्या मूळ कोडात घ्या’ अशा विनंत्यांचा. बदल काय, तर माहितीच्या फाइलमध्ये स्वतःचं नाव. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट हे साधन शिकवणाऱ्या एका भारतीय व्हिडिओत नमुन्यादाखल एक्सप्रेस घेतलं होतं आणि बघणाऱ्यांनी गिरवलं. त्याआधी २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरभर चालणाऱ्या ओपन सोर्स उपक्रमातल्या बक्षिसाच्या टी-शर्टापायी असाच कचरा जमला होता. शेवटी आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावा लागला.

यात भाबडेपणा जास्त आणि लबाडी कमी, हे मान्य. पण प्रत्येक विनंती कुणीतरी उघडून वाचतं, नाकारतं आणि बंद करतं. ते बहुधा नोकरी सांभाळून रात्री बसलेलं असतं. ओपन सोर्समध्ये कोडचा तुटवडा नाही, तपासणाऱ्यांच्या वेळेचा आहे. नवख्यानं तो वेळ वाचवला तर त्याला डोक्यावर घेतात, खाल्ला तर दुर्लक्ष करतात. इतकं सरळ गणित आहे.

म्हणून माझ्या मते पहिलं काम बग तपासण्याचं. आपण रोज वापरतो तेच सॉफ्टवेअर निवडावं. लिबरऑफिसच्या बगझिला या तक्रारवहीत तक्रारींचा ढीग असतो आणि त्यातल्या बऱ्याच ‘अद्याप खातरजमा नाही’ या खुणेखाली पडून असतात. ‘मराठी नीट दिसत नाही’ अशी तक्रार असेल तर तिचं कुणी काय करणार? समजा, तुम्ही ताजी आवृत्ती घेतली, कोरा कागद उघडला, नोटो सान्स देवनागरी टंकात ‘कोऱ्या’ लिहिलं, पीडीएफ केली आणि तिच्यातून तो शब्द कॉपी करून पाहिला, तेव्हा अक्षरं विस्कटली. आता हे क्रमानं लिहा: कुठली आवृत्ती, विंडोज की लिनक्स, कुठल्या पायरीला काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. दुसऱ्या टंकात होतं का, तेही पाहा. एवढ्यानं प्रोग्रामरचा तासभर वाचतो.

मराठी माणसाला आणखी एक काम साद घालतंय. लिबरऑफिसमधली शुद्धलेखन तपासणी हनस्पेल नावाच्या साधनावर चालते. ते केलं लास्लो नेमेथ या हंगेरियन गृहस्थानं, कारण हंगेरियनमध्येही शब्दाला प्रत्ययांवर प्रत्यय लागतात. हनस्पेलच्या दोन फाइली असतात: एकीत शब्द, दुसरीत ते कसे चालतात त्याचे नियम. आपल्याकडे ‘घर’चं ‘घराला’ होतं, ‘पाणी’चं ‘पाण्यात’ आणि ‘विहीर’चं ‘विहिरीत’, म्हणजे आतली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व होते. हा नियम बसवला नाही तर बरोबर शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते. तो लिहायला सी प्लस प्लस लागत नाही, सामान्यरूप पक्कं लागतं. निवृत्त मराठी शिक्षकानं संगणक जाणणारा भाचा हाताशी धरावा, काम होईल.

कोडातच शिरायचं असेल तर संयमाची तयारी ठेवा. लिबरऑफिस साध्या लॅपटॉपवर पहिल्यांदा बिल्ड करायला, म्हणजे कोडापासून चालता प्रोग्राम तयार करायला, काही तास लागतात, पंखा घोंघावत राहतो. बदल गेरिट या तपासणीच्या जागी चढवला की यंत्रं तो लिनक्स, विंडोज, मॅकवर बिल्ड करून पाहतात, मग माणसं वाचतात. इथे नवखे हमखास एका गोष्टीत अडकतात. दुरुस्ती असते तीन ओळींची, पण एडिटर आपल्या सोयीनं अख्ख्या फाइलच्या मोकळ्या जागा सरळ करून टाकतो आणि तपासणाऱ्यासमोर चारशे बदललेल्या ओळी येतात. एडिटरची ती सोय बंद करा. एका पॅचमध्ये, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या दुरुस्तीत, एकच बदल, आणि सोबतच्या संदेशात तो का केला ते. काय केलं हे कोडातच दिसतं.

एआयनं लिहून दिलेलं न वाचता पाठवू नका. कर्ल या जुन्या साधनाचे कर्तेधर्ते डॅनियल स्टेनबर्ग अशा पोकळ बग-अहवालांबद्दल २०२४ पासून जाहीर वैताग व्यक्त करताहेत. शेरे आले तर वाद घालायला हरकत नाही, पण आधी शेरा समजून घ्या. ‘या व्हेरिएबलचं नाव बदला’ म्हणजे अपमान नव्हे. आठवडा-दोन आठवडे काहीच उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करावी. रोज नाही.

नोकरदारांसाठी एक बारीक कलम. माझं योगदान अमुक खुल्या परवान्याखाली वापरायला माझी हरकत नाही, असं विधान लिबरऑफिस प्रत्येक नव्या योगदात्याकडून एकदा लिहून घेतं. अनेक आयटी कंपन्यांच्या करारात मात्र कर्मचाऱ्यानं लिहिलेल्या कोडची मालकी कंपनीची, असं म्हटलेलं असतं; काही ठिकाणी घरी बसून लिहिलेलाही त्यात येतो. तेव्हा ते विधान पाठवण्याआधी कपाटातलं नेमणूकपत्र काढून वाचा आणि शंका असेल तर एचआरकडून लेखी परवानगी घ्या.