पदयात्रा, पाऊल आणि सुखतळा

काशीची पंचक्रोशी परिक्रमा सुमारे 80 किलोमीटरांची आहे. मणिकर्णिका घाटावर स्नान करून निघालेला यात्रेकरू कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा असे पाच मुक्काम करीत पुन्हा मणिकर्णिकेस येतो. परंपरेप्रमाणे ही वाट अनवाणी चालावयाची असते. अधिक मासात तिच्यावर मोठी गर्दी लोटते. महाशिवरात्रीस तर अनेक तरुण सारी परिक्रमा एका दिवसरात्रीत पुरी करतात.

या वाटेचे थोडे गणित करून पाहू. एक पाऊल सरासरी 70 सेंटीमीटर पडते असे धरले, तर 80 किलोमीटरांत सुमारे 1,14,000 पावले होतात. म्हणजे प्रत्येक पाय सुमारे 57,000 वेळा जमिनीवर टेकतो. प्रत्येक वेळी त्या एका पायावर शरीराचा सर्व भार, किंबहुना क्षणभर त्याहून काहीसा अधिक भार येतो. पाठीवर ओझे घेऊन सह्याद्रीतील गड चढणाऱ्या किंवा हिमालयात भटकंती करणाऱ्या माणसाच्या पायांना याहूनही अधिक सोसावे लागते.

असा प्रवास सुकर व्हावा म्हणून बुटात घालण्याचे निरनिराळे सुखतळे आज बाजारात मिळतात. कोणी फेसाळ रबराचे, कोणी बुचाचे, कोणी कमानीखाली उंचवटा असलेले टणक सुखतळे विकतात. हे सुखतळे चालणाऱ्याच्या पायास खरोखर उपकारक असतात, की अपायकारक? या प्रश्नाचे उत्तर पायाच्या रचनेत शोधावे लागते.

पायाची कमान

मनुष्याच्या एका पायात 26 हाडे आणि 33 सांधे आहेत. ही हाडे सपाट रचलेली नसून त्यांच्या कमानी बनलेल्या आहेत: दोन टाचेपासून चवड्यापर्यंत लांबीच्या दिशेने, तर एक आडवी. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यातून एक चिवट पट्टा गेलेला असतो. धनुष्याची दोरी जशी त्याची दोन टोके धरून ठेवते, तसा हा पट्टा कमानीस सावरून धरतो.

वाचकांनी एक सोपा प्रयोग करून पाहावा. अनवाणी उभे राहून, पाऊल जमिनीवरच ठेवून, दुसऱ्या कोणाकडून पायाचा अंगठा वर उचलवून घ्यावा. बहुतेकांच्या पायाची कमान त्याबरोबर वर उचललेली दिसेल. अंगठा वर वळताच तळव्यातील पट्टा रहाटावरील दोराप्रमाणे ताणला जातो आणि टाच व चवडा जवळ येतात. या यंत्रणेचे वर्णन जे. एच. हिक्स यांनी 1954 साली केले. टाच उचलून पुढे ढकलण्याच्या क्षणी पाऊल ताठ होते, त्यात हिचाही वाटा मानला जातो. कमान ही निर्जीव पूल नव्हे. ती दर पावलाला किंचित दबते आणि पुन्हा उठते.

सुखतळ्याचे कार्य

दुसरा प्रयोग असा. ओल्या पायाने कोरड्या फरशीवर उभे राहावे. टाच, चवडा आणि बोटे यांचा ठसा स्पष्ट उमटतो, परंतु कमानीची जागा बव्हंशी कोरडी राहते. म्हणजे सर्व भार तळव्याच्या काही भागावरच पडतो. भार तोच राहून तो झेलणारे क्षेत्र वाढले, तर दाब कमी होतो, हा पदार्थविज्ञानाचा साधा नियम होय. पायाच्या आकाराचा सुखतळा कमानीच्या मोकळ्या जागेसही स्पर्श करतो आणि टाचेवरील व चवड्यावरील दाब काही प्रमाणात तिकडे वाटून देतो. त्याचे खरे कार्य एवढेच आहे. तो पायास बळ देत नाही. दाबाची वाटणी बदलतो.

ही वाटणी कितपत उपयोगी पडते? 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करण्यात आले. त्यांतील पुष्कळ प्रयोग लष्करी शिक्षणार्थींवर केलेले होते. पायाच्या आकारास अनुसरून घडविलेल्या आधारांमुळे दुखापतींचे एकूण प्रमाण सुमारे शेकडा 28 ने घटल्याचे दिसले. परंतु केवळ मऊ, धक्का शोषणाऱ्या सुखतळ्यांनी दुखापती टळल्याचे दिसले नाही. टाचदुखीच्या रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुखतळ्यांनी पहिल्या काही महिन्यांत थोडा आराम दिला, पण वर्षाअखेर विशेष फरक उरला नाही. मापाने मुद्दाम घडविलेला महाग सुखतळा तयार मिळणाऱ्या सुखतळ्याहून सरस ठरला नाही. पाठदुखी टाळण्यासाठी सुखतळे निरुपयोगी आहेत, असेही दिसून आले आहे.

निरोगी पायास आधाराची जन्मजात गरज असते, ही समजूतही तपासून घ्यावयास हवी. मणिपाल येथील राव आणि जोसेफ यांनी 2,300 भारतीय मुलांची पाहणी करून 1992 साली तिचा वृत्तांत दिला. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पाऊल शेकडा 8.6, तर अनवाणी वावरणाऱ्या मुलांत केवळ शेकडा 2.8 आढळले.

अपाय कोठून होतो

सुखतळा बुटातील जागा व्यापतो. मूळचा सुखतळा तसाच ठेवून वर दुसरा घातला, तर पाऊल उचलले जाते, टाच बुटाच्या काठाबाहेर सरकू पाहते आणि बोटे वरच्या चामड्यावर घासतात. घाम, उष्णता आणि घर्षण एकत्र आले की त्वचेच्या थरांत फट पडून तिच्यात पाणी भरते, हाच फोड. आधीच घट्ट बुटात जाड सुखतळा घालणे म्हणजे फोडास आमंत्रण होय. ज्याच्या कमानीखालचा उंचवटा पायाशी जुळत नाही, असा टणक सुखतळा एका जागेचा दाब काढून दुसऱ्या जागी लादतो. कमानीची हालचाल अडविल्यास धावताना अधिक शक्ती खर्च होते, असेही एका प्रयोगात दिसले. मात्र सपाट जमिनीवर चालताना तसा फरक आढळला नाही.

बधिर पायांचा प्रश्न

ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांची गोष्ट निराळी. ज्या सुश्रुतसंहितेचा संबंध परंपरा काशीराज दिवोदास धन्वंतरीशी जोडते, तिच्यात पाऊल वेडेवाकडे पडल्याने होणारा वातकंटक, चालताना विशेष जाणवणारा पाददाह आणि पायांस झिणझिण्या व बधिरता आणणारा पादहर्ष यांची नोंद आहे. मधुमेहामुळे पायांच्या मज्जातंतूंची हानी झाली, तर बोचणारा खडा वा तापलेला रस्ता कळत नाही. निरोगी माणूस दुखू लागताच नकळत पाऊल बदलतो; बधिर पाय त्याच जागेवर हजारो वेळा पडत राहतो आणि तेथे व्रण होतो.

वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी ही गोष्ट जगाच्या नजरेस आणली. रुग्णांच्या तळव्यांवरील व्रण मुख्यतः अशा दाबामुळे होतात, हे ओळखून त्यांनी सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा तळ असलेली पादत्राणे वापरात आणली. अशा पायांच्या बाबतीत सुखतळा ही चैन नसून पाय वाचविण्याचे साधन आहे. मात्र तो तज्ज्ञाच्या सल्ल्याने व पायाच्या मापानेच करून घ्यावा. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेही व्यक्तीने लांबची वाट अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळवे उजेडात तपासावेत.

व्यवहारातील नियम

आधी बूट योग्य निवडावा, मग सुखतळ्याचा विचार करावा. चालण्याने पाय सुजतात, म्हणून बुटाचे माप संध्याकाळी, जे मोजे घालून चालावयाचे तेच घालून घ्यावे. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. नवा सुखतळा घालताना मूळचा काढून ठेवावा. प्रथम घरात, मग एकदोन किलोमीटर, मग अधिक, असा क्रम ठेवावा; यात्रेच्या पहाटे नवी वस्तू पायात घालू नये. काही दुखत नसेल, तर सुखतळ्याची गरज नाही. बधिरता आली वा नवे दुखणे उद्भवले, तर तो तत्काळ काढावा.

पंचक्रोशीची जुनी विभागणी पाच मुक्कामांची आहे. त्या मुक्कामांमुळे पायांना दर रात्री विसावा मिळतो. सवयीने आणि विश्रांतीने पाय जे कमावतो, ते कोणताही सुखतळा विकत देऊ शकत नाही. पायाच्या एखाद्या निश्चित उणिवेस तो हातभार मात्र लावू शकतो.