रुपेरी पाने आणि कोरडी बाग

इंग्लंड म्हणजे पावसाचा देश, अशी आपली समजूत असते. परंतु त्या देशाच्या पूर्वेकडील इसेक्स परगण्यात काही ठिकाणी वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माणदेशात पडतो साधारण तेवढाच. तेथे बेथ चॅटो या बागकामतज्ज्ञ बाईंनी १९९१-९२ च्या हिवाळ्यात, मोटारी उभ्या करण्याच्या जुन्या जागेवर, वाळू-गोट्यांच्या निकस जमिनीत एक बाग करायला घेतली. रोपे एकदा रुजली की त्यांना पाणी घालायचे नाही, हा त्यांचा नेम. बाई २०१८ साली वारल्या. बाग आजही आहे. तीत नजरेत भरतात ती रुपेरी पानांची बहुवर्षायू झाडे : लॅव्हेंडर, सँटोलिना आणि कोकराच्या कानासारख्या मऊ पानांची स्टॅकिस.

कोरडी जमीन आणि रुपेरी रंग यांचा संबंध काय?

या पानांत रुपेरी रंगाचे द्रव्य मुळीच नसते. स्टॅकिसच्या पानावरची लव खरवडली तर खाली नेहमीचे हिरवे पान दिसते. लवेचा एकेक केस पाहिला तर तो जवळजवळ पारदर्शक. मग सगळे मिळून पांढरे कसे? काच कुटली की तिची भुकटी पांढरी दिसते, तसेच. हवेतून काचेवर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परावर्तित होतो. एका पृष्ठभागाचे हे ४ टक्के क्षुल्लक; पण केसांच्या गुंत्यात असे पृष्ठभाग एकामागून एक येतात आणि बराचसा प्रकाश विखरून बाहेर परततो. सर्व रंग सारखेच परततात, म्हणून पांढरे.

याचा झाडाला लाभ किती, हे अमेरिकेतील एलरिंगर, ब्यॉर्कमन व मूनी यांनी वाळवंटातील एन्सेलिया फॅरिनोसा या झुडपावर मोजले आणि १९७६ साली प्रसिद्ध केले. त्याचे दाट लव असलेले पान प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी अशा प्रकाशापैकी सुमारे ३० टक्केच शोषते. त्याच्या समुद्रकाठच्या, लव नसलेल्या भाऊबंदाचे पान ८० टक्क्यांहून अधिक. कमी शोषण म्हणजे पान कमी तापते, आणि थंड राहण्यासाठी बाष्पोच्छ्वासात खर्च होणारे पाणी वाचते. लव हवा अडवून धरते म्हणून पाणी वाचते, असे पुष्कळ पुस्तकांत असते. एन्सेलियात मात्र तो परिणाम किरकोळ निघाला. शिक्षकांनी याची जरूर नोंद घ्यावी.

हा सौदा फुकट नाही. प्रकाश परतवला की अन्नही कमी तयार होते. म्हणून ही झाडे सावलीत लावू नयेत. तेथे ती उपाशी राहतात. पाणीही बेतानेच. लव भिजली की केसांमधल्या हवेची जागा पाणी घेते. पाणी आणि केस यांच्या वक्रीभवनांकांत फरक थोडा, त्यामुळे ४ टक्के परावर्तन अर्ध्या टक्क्याच्या आत येते आणि पान हिरवट दिसू लागते. शिवाय ओली लव लवकर वाळत नाही; पान कुजते. मी एका कुंडीतल्या स्टॅकिसला दया म्हणून रोज पाणी घातले. पावसाळा संपण्यापूर्वीच ती गेली.

कागदावर तेलाचा थेंब टाकून पाहा. कागद तेथे अर्धपारदर्शक होतो. कारण तेच. माळावरच्या रुईच्या कोवळ्या पानावरचा पांढरा थरही बोटाने पुसून पाहा. फक्त रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि नंतर हात साबणाने धुवा.