निदानानंतरची पहिली न्याहारी

गुरगुट्या मऊभात, त्यावर साजूक तुपाची धार, चिमूटभर मेतकूट आणि शेजारी भाजलेला पापड. रत्नागिरीच्या मांडवी परिसरातील अनेक जुन्या घरांत दिवसाची सुरुवात अशीच होत आली आहे. कुणाकडे भाताऐवजी उकड्या तांदळाची पेज, कुणाकडे घावने, तर सणासुदीला शिरवळे. तांदूळ मात्र सगळीकडे समान. म्हणूनच घरातील कुणाला मधुमेह असल्याचे निदान झाले, की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला पेच न्याहारीच्या ताटापुढेच उभा राहतो.

अशा वेळी दोन टोकाच्या प्रतिक्रिया दिसतात. काही जण भीतीने सारेच बंद करून बिनसाखरेचा चहा आणि दोन बिस्किटांवर सकाळ काढतात. काही जण साखर तेवढी सोडतात आणि बाकीचे ताट तसेच ठेवतात. पहिल्या प्रकारात दुपारी भुकेपोटी दुप्पट जेवण होते. दुसऱ्यात चहा बदलतो, रक्तातील साखर फारशी बदलत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. शेजारच्या गोव्यातील प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के आढळले. भात आणि मासळीचाच आहार असलेल्या कोकणपट्टीने या आकड्याकडे दुर्लक्ष करू नये.

सकाळच का महत्त्वाची?

पहाटे शरीर जागे होण्याच्या तयारीत असताना कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडू लागते. निरोगी माणसात इन्शुलिन तिचा बंदोबस्त करते. मधुमेहात ते अपुरे पडते किंवा त्याचा प्रभाव कमी होतो. त्यामुळे रात्री काही न खाताही अनेकांची सकाळची साखर चढलेली असते. त्यावर केवळ पिष्टमय न्याहारी पडली, तर चढावर चढ होतो. तोच पदार्थ दुपारी खाल्ल्यावर साखर तितकी वाढत नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो तो यामुळेच.

भात जितका मऊ, तितकी घाई

धान्यातील पिष्ट पाण्यात शिजून फुगते आणि फुटते. ते जितके अधिक शिजेल, तितके पाचकरसांना सोपे जाते आणि त्याची साखर लवकर रक्तात उतरते. आजारी माणसाला मऊभात देतात तो पचायला हलका म्हणून. मधुमेही माणसाला नेमका हाच गुण अडचणीचा ठरतो. पेज तर चावावीही लागत नाही. उकडा तांदूळ साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा सामान्यतः सावकाश पचतो, हे खरे. पण म्हणून त्याची पेज हवी तितकी प्यावी, असा अर्थ होत नाही.

नाचणीबद्दलही असाच गैरसमज आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ६७ ग्रॅम, तर पांढऱ्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. फरक आहे, पण फार मोठा नाही. नाचणीचा खरा लाभ तंतूंचा. ते सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे तांदळाच्या जवळजवळ चौपट. नाचणी भिजवून, वाटून, गाळून सत्त्व काढले, की यांतला मोठा भाग चोथ्याबरोबर निघून जातो. त्यामुळे गूळ घातलेल्या सत्त्वाच्या खिरीपेक्षा सबंध पिठाची एक भाकरी बरी. गुळाचेही तेच. तो साखरेला पर्याय नाही, रक्तात त्याची साखरच होते.

उत्तर आपल्याच फडताळात

यासाठी परदेशी ओट्सची पाकिटे आणण्याची गरज नाही. कोकणातील घरात कुळथाचे पीठ असतेच. कुळथात १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिने आणि तंतू सोबत असले, की साखर रक्तात सावकाश उतरते आणि पोटही अधिक वेळ भरलेले राहते. बदल करायचा तो प्रमाणात. ताटभर मऊभात आणि वर चमचाभर मेतकूट याऐवजी वाटीभर घट्ट कुळथाचे पिठले आणि एक लहान भाकरी. तीन घावन्यांऐवजी एक घावन आणि वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ. तांदळाच्या पिठाऐवजी भिजवून वाटलेल्या मुगाचे घावन. खाणाऱ्यांना अंडे किंवा मासळीही चालेल, मात्र सुक्या मासळीतील मीठ रक्तदाब असलेल्यांनी ध्यानात ठेवावे. पोहे करायचेच, तर पोहे निम्मे आणि वाटाणा, शेंगदाणे, भाजी निम्मी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

चहाचा हिशेबही मांडावा. दिवसाला चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर नकळत पोटात जाते.

आंब्याच्या दिवसांत हापूसचा प्रश्न येणारच. आंबा कायमचा वर्ज्य नाही. पण न्याहारीला आमरसाची वाटी नको. एखादी फोड खायचीच, तर त्या वेळच्या भाकरी-भातात तेवढी कपात करून खावी.

गोळी घेऊन उपाशी राहू नये

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन घेतल्यावर न्याहारी चुकली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे वाटणे ही तिची लक्षणे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, तातडीने रुग्णालय गाठावे. एकादशी किंवा चतुर्थीचा उपवास करणाऱ्यांनी औषधांबाबत आधीच सल्ला घ्यावा. साबुदाण्याची खिचडी हा तर जवळजवळ निव्वळ पिष्टाचाच पदार्थ आहे.

कोणती न्याहारी मानवते, याचा निवाडा अखेर रक्तच करते. ग्लुकोमीटरवर न्याहारीपूर्वी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहावी. बहुतेक प्रौढांसाठी दुसरा आकडा १८०च्या आत असावा, असे सर्वसाधारण उद्दिष्ट मानतात. वय व इतर आजारांनुसार ते बदलते. एका वेळी एकच पदार्थ बदलावा. महिनाभरात त्या वहीतून प्रत्येकाचा स्वतःचा तक्ता तयार होतो.

आणखी एक गोष्ट. मधुमेही माणसासाठी वेगळे आणि इतरांसाठी वेगळे असा स्वयंपाक फार दिवस टिकत नाही. करणारी थकते, खाणारा कंटाळतो. कुळथाचे पिठले आणि मुगाचे घावन घरातल्या साऱ्यांनाच हितकर आहे. ज्या घरात एकाला मधुमेह आहे, तिथे पुढच्या पिढीलाही त्याचा धोका अधिक असतो. म्हणून बदललेली न्याहारी सर्वांच्याच ताटात वाढलेली बरी.