भिंतीतली वीट आणि तेवीस मुलांचा आवाज

गाणे कोणाचे? लिहिणाऱ्याचे, गाणाऱ्याचे, की ज्याच्या तोंडी ते रुळते त्याचे? जात्यावरच्या ओवीला हा प्रश्न कोणी विचारला नाही. पण गाण्याची तबकडी निघाली, ती विकली जाऊ लागली, की हा प्रश्न दारात येऊन उभा राहतो. इंग्लंडमधल्या पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या एका गाण्याची हकिगत या संदर्भात ऐकण्यासारखी आहे. गाण्याचे नाव ‘अनदर ब्रिक इन द वॉल, भाग दोन’. ते नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले.

‘द वॉल’ म्हणजे भिंत, या अल्बममधले हे गाणे. कल्पना आणि बहुतेक शब्द रॉजर वॉटर्स यांचे. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली इटलीत मारले गेले. तेव्हा वॉटर्स काही महिन्यांचे होते. अल्बमचा नायकही असाच बापाविना वाढतो. बापाचे नसणे, आईची अती काळजी, शाळेतला अपमान, अशी एकेक वीट रचली जाते आणि शेवटी तो स्वतःभोवतीच्या भिंतीत एकटा उरतो. आपले हे गाणे शाळेच्या विटेचे.

हे गाणे शिक्षणाच्या विरुद्ध आहे, असा समज पुष्कळांचा झाला. तो वरवरचा आहे. राग शिकण्यावर नाही. वर्गात पोराची टिंगल करून त्याला गप्प बसवणाऱ्या मास्तरांवर आहे. गंमत अशी की गाण्याच्या पहिल्याच ओळीत एका नकारावर दुसरा नकार आहे. शाळेच्या इंग्रजी व्याकरणात ती चूक. आपण मराठीत ‘नाही असे नाही’ म्हणतो, तेव्हा अर्थ होकाराकडे वळतो. इंग्रजी बोलीत मात्र दोन नकारांनी नकार अधिक ठासून येतो. म्हणजे शाळा ज्या वाक्याखाली लाल रेघ ओढील, तेच वाक्य शाळेविरुद्ध उभे केलेले आहे.

पिंक फ्लॉइडची ख्याती लांबलचक, गंभीर रचनांची. सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची छोटी तबकडी, त्यांनी इंग्लंडात १९६८ नंतर काढलीच नव्हती. हे गाणे मुळात एका कडव्याचे होते. निर्माते बॉब एझरिन यांनी त्याला त्या काळच्या डिस्को नाचाचा ठेका सुचवला, तेच कडवे पुन्हा जोडून गाणे लांबवले आणि दुसऱ्यांदा ते शाळकरी मुलांनी म्हणावे, असे ठरले.

मुले कुठून आणायची? बँड तेव्हा अमेरिकेत, लॉस एंजेलिसला होता. त्यांचा लंडनमधला स्टुडिओ इझलिंग्टन भागात; जवळच इझलिंग्टन ग्रीन ही सरकारी शाळा. ध्वनिमुद्रक निक ग्रिफिथ्स तिथे गेले. संगीत शिक्षक ॲलन रेनशॉ यांनी आनंदाने तेवीस मुले दिली. त्यांचे आवाज एकावर एक चढवून मोठ्या जमावाचा भास निर्माण केला गेला. त्यात तालमीतल्या गायकवृंदाची सफाई नाही. मधल्या सुट्टीतली पोरे ओरडावीत तसा खडबडीत सूर आहे. गाण्याचा जीव तिथेच आहे. शिक्षकांवरचे हे गाणे एका शिक्षकाच्या उत्साहामुळेच पुरे झाले, ही गोष्ट विसरता येत नाही.

तबकडी डिसेंबर १९७९ मध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर पोचली आणि नाताळातही तिथेच राहिली. १९८० साली अमेरिकेतही ती पहिली आली. शिक्षण खात्याच्या मंडळींना मात्र मुलांकडून असे गाणे गाऊन घेणे रुचले नाही. शाळेला एक हजार पौंड मिळाले. मुलांना वेगळे मानधन मिळाले नाही. १९९६ साली ब्रिटनमध्ये कायदा बदलला आणि ध्वनिमुद्रणात भाग घेणाऱ्या कलावंतांना प्रसारणाच्या मोबदल्यात हक्क मिळाला. तेव्हा कुठे, २००४ साली, त्या मुलांच्या वतीने हक्काची मागणी पुढे आली. एव्हाना ती मुले चाळिशीकडे झुकली होती.

पण या गाण्याला सर्वांत खरा प्रतिसाद मिळाला तो दक्षिण आफ्रिकेत. तिथे वर्णभेदी राजवट होती. गोऱ्या मुलावर शिक्षणासाठी जेवढा खर्च होई, त्याचा लहानसा अंशच काळ्या मुलाच्या वाट्याला येई. एप्रिल १९८० मध्ये केप टाउनच्या ‘कलर्ड’ ठरवल्या गेलेल्या वस्त्यांतल्या विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार घातला. हे गाणे त्यांच्या तोंडी आले आणि मे महिन्यात सरकारने त्यावर बंदी घातली. इथे अर्थ किती पालटला पाहा! लंडनच्या शाळेत जे वात्रटपणाचे वाटले, ते केप टाउनमध्ये न्यायाचे मागणे झाले. तिथल्या मुलांना शाळा नको नव्हती. त्यांना बरोबरीची शाळा हवी होती. शब्द तेच, पण म्हणणाऱ्याच्या पायाखालची जमीन वेगळी.

पुढे १९८९ मध्ये बर्लिनची भिंत उघडली. जुलै १९९० मध्ये वॉटर्स यांनी त्याच शहरात, जिथून ती भिंत गेली होती त्या मोकळ्या जागी, हा सारा अल्बम सादर केला. दोन लाखांहून अधिक माणसे जमली होती. २०१० ते २०१३ च्या दौऱ्यात गावोगावची स्थानिक मुले या गाण्याला मंचावर येत आणि अवाढव्य बाहुल्याच्या रूपातल्या मास्तरांसमोर उभी राहत.

कवी शब्द देतो, हे खरे. पण त्या शब्दांना सार्वजनिक करणारा आवाज बहुधा अनामिक असतो. आजही हे गाणे लागले की कानात राहतात ती लंडनची तेवीस मुले. त्यांचा मोबदला उशिरा का होईना मागता आला. केप टाउनच्या मुलांनी मागितलेला मोबदला पैशांत मोजण्यासारखा नव्हता. त्यांना आपल्या वर्गात ताठ मानेने बसायचे होते.