हिमतुषार-तिथी व बागेतील लागवड

वसंत ऋतूत किमान तापमान ०° से. किंवा त्याखाली सरासरीने ज्या दिवशी शेवटचे जाते आणि शरद ऋतूत ज्या दिवशी पहिल्यांदा जाते, त्या दोन दिवसांना त्या ठिकाणच्या हिमतुषार-तिथी म्हणतात. या दोहोंमधील काल हा हिमतुषारमुक्त काल होय. समशीतोष्ण कटिबंधात बी केव्हा पेरावे, आडोशाला वाढविलेली रोपे उघड्यावर केव्हा लावावीत व हिवाळी भाज्यांची पेरणी केव्हा उरकावी, हे ठरविताना या तिथींचा आधार घेतात. खंडांतर्गत प्रदेशात हा आधार पुष्कळसा विश्वसनीय ठरतो. कारण तेथे वसंतात तापमान झपाट्याने वाढते व शेवटच्या हिमतुषारानंतर थोड्याच दिवसांत माती तापते. समुद्रकाठच्या सौम्य हवामानात मात्र हिमतुषार लवकर संपतो, पण ऊब उशिरा येते. त्यामुळे तेथे केवळ तिथीवर विसंबणारा बागकार फसतो. उत्तर अमेरिकेचा पॅसिफिक किनारा हे याचे ठळक उदाहरण आहे.

पाण्याची उष्णताधारकता मोठी असल्याने समुद्र सावकाश तापतो व सावकाश निवतो. सिॲटल शहर (अक्षांश सु. ४७° ३६' उ.) मुंबईच्या कितीतरी उत्तरेस असूनही तेथील शेवटचा हिमतुषार सरासरीने मार्चमध्येच पडतो व पहिला नोव्हेंबरमध्ये. परंतु ही तिथी म्हणजे अभयपत्र नव्हे. सरासरी तिथीचा अर्थ इतकाच की, सुमारे निम्म्या वर्षांत तिच्यानंतरही हिमतुषार पडतो. यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय महासागरीय व वातावरणीय प्रशासनाने १९९१–२०२० या तीस वर्षांच्या नोंदींवरून वेगवेगळ्या संभाव्यतेच्या तिथी प्रसिद्ध केल्या आहेत. ज्या तिथीनंतर हिमतुषाराची शक्यता केवळ १०% उरते, ती सरासरी तिथीहून काही आठवडे पुढे असते. नाजूक रोपांसाठी तीच पाहणे इष्ट.

शिवाय अधिकृत तापमान जमिनीपासून सु. दीड ते दोन मी. उंचीवर, झडपांच्या पेटीत मोजलेले असते. निरभ्र व निवांत रात्री जमीन आपली उष्णता प्रारणाने गमावते. अशा वेळी पेटीतील तापमापक २° से. दाखवीत असतानाही गवतावर हिमतुषार जमू शकतो. थंड हवा जड असल्याने उतारावरून ओघळून खोलगट भागात साचते. म्हणून टेकडीच्या उतारावरील बाग वाचते व पायथ्याची करपते. महाबळेश्वर येथे गावात तापमान ०° से. पेक्षा बरेच अधिक असताना वेण्णा तलावाच्या सखल परिसरात दवबिंदू गोठतात, ते याच कारणाने. सिॲटलच्या परिसरातही पाण्यालगतच्या वस्तीपेक्षा आतील नदीखोऱ्यांत शेवटचा हिमतुषार कित्येक आठवडे उशिरा पडतो. तेव्हा जवळच्या विमानतळावरील नोंद ही आपल्या वाफ्याची नोंद मानू नये. किमान तापमान दाखविणारा साधा तापमापक वाफ्याजवळ ठेवून दोन-तीन वर्षे केलेल्या नोंदी छापील कोष्टकापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

वसंतातील खरी अडचण मातीच्या तापमानाची असते. बियांच्या पाकिटांवर ‘शेवटच्या हिमतुषारानंतर दोन आठवड्यांनी पेरा’ अशी सूचना आढळते. सिॲटलमध्ये ती शब्दशः पाळल्यास घेवडा एप्रिलच्या आरंभी पेरला जाईल. त्या वेळी माती ओली असून तिचे तापमान जेमतेम ८° ते १०° से. असते आणि घेवड्यास सु. १५° से. लागते, परिणामी बी उगवण्याऐवजी कुजते. वाटाणा, पालक, मुळा इत्यादींना ५° ते ७° से. पुरते, म्हणून त्यांची पेरणी शेवटच्या हिमतुषाराची वाट न पाहता करतात. टोमॅटो, काकडी, भोपळा या मूळच्या उष्ण प्रदेशांतील वनस्पतींना १०° से. खालील तापमानही गोठल्याविना अपाय करते. त्यांची रोपे मेच्या मध्यानंतर, रात्री पुरेशा उबदार झाल्यावरच बाहेर लावतात.

याहून टोकाचे उदाहरण सॅन फ्रॅन्सिस्कोचे. या शहराच्या मध्यभागी अनेक वर्षे हिमतुषार पडतच नाही. तेथील नीचांक डिसेंबर १९३२ मधील सु. −३° से. हा आहे. म्हणजे हिमतुषारमुक्त काल जवळजवळ बारमाही. तरीही समुद्रावरून येणाऱ्या उन्हाळी धुक्यामुळे जुलैचे सरासरी तापमान सु. १५° ते १६° से. एवढेच राहते व टोमॅटो पिकण्यास मुश्किलीने ऊब मिळते. उलट कोबी, फुलकोबी व लेट्यूस यांना हे हवामान मानवते. अशा ठिकाणी दिवस मोजण्यापेक्षा १०° से. वरील संचित उष्णता मोजणे आणि लवकर पक्व होणारे वाण निवडणे युक्त ठरते.

शरदात गणित उलट बाजूने, पहिल्या हिमतुषारापासून मागे मोजून करतात. पक्वतेच्या दिवसांत आणखी दोन-तीन आठवडे मिळवावे लागतात, कारण घटत्या प्रकाशात वाढ मंदावते. सिॲटलच्या अक्षांशावर नोव्हेंबरच्या आरंभापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दिवस दहा तासांपेक्षा लहान असतो व या काळात भाज्यांची वाढ जवळजवळ थांबते. म्हणून हिवाळी कोबी, केल व लीक यांची रोपे उन्हाळा संपण्यापूर्वीच चांगली मोठी व्हावी लागतात. तशी ती झाली, तर सौम्य हिवाळ्यात वाफा हाच साठवणीचा कोठार होतो. थंडीने पानांतील शर्करा वाढून केलची चवही सुधारते. लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबरात लावून पुढील उन्हाळ्यात कांदे काढतात.

या हवामानातील मोठा धोका नित्याच्या हिमतुषाराचा नसून खंडांतर्गत भागातून येणाऱ्या ध्रुवीय हवेचा असतो. एरव्ही कॅस्केड पर्वत तिला अडवितो. परंतु कधीकधी ती ब्रिटिश कोलंबियातून फ्रेझर नदीच्या खोऱ्यावाटे किनाऱ्याकडे घुसते. अशा वेळी वारा वाहत असल्याने उतार व सखल भाग असा भेद उरत नाही आणि पातळ आच्छादनाचाही फारसा उपयोग होत नाही. नोव्हेंबर १९५५ मध्ये सौम्य शरदानंतर अशीच लाट आली व सिॲटलचे तापमान −१०° से. च्याही खाली गेले. वॉशिंग्टन व ऑरेगन राज्यांच्या पश्चिम भागांत फळझाडे व शोभेची झुडपे मोठ्या प्रमाणावर मेली. वनस्पती क्रमाक्रमाने थंडीला सरावल्या, की त्यांच्या पेशींत शर्करा साठते व ऊतींना गोठण सोसते. त्या वर्षी हा सराव होण्यास अवधीच मिळाला नव्हता. त्यामुळे जानेवारीत तेवढीच थंडी ज्यांनी सहज सोसली असती, अशी कित्येक झाडेही त्यात दगावली.