एक मोठा फटका की हजारो छोटे? माइक वेब्स्टरच्या मेंदूची गोष्ट

मागच्या लेखात टाऊ नावाच्या प्रथिनाबद्दल लिहिलं तेव्हा एका वाचकाने विचारलं होतं, "म्हणजे हा म्हातारपणाचाच आजार ना?" त्याचं उत्तर "नाही" असं आहे, पण नुसतं नाही म्हणून भागत नाही. म्हणून आज एका माणसाची गोष्ट सांगते. माइक वेब्स्टर हा अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक खेळाडू, तोही लाइनमन. तो गेला तेव्हा अवघ्या ५० वर्षांचा होता. त्याच्या मेंदूत जे सापडलं, त्यामुळे एका अख्ख्या खेळाकडे बघायची नजर बदलली.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचं काम फारसं नसतं. चेंडू लंबगोल असतो, तो हातात धरून पळायचं किंवा फेकायचं. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. टीव्हीवर सगळ्यांचं लक्ष क्वार्टरबॅककडे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याकडे असतं. त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसं ओळीने वाकून उभी असतात. ते लाइनमन. चेंडू पळवणं हे त्यांचं काम नाही. समोरून धावून येणाऱ्या तितक्याच धिप्पाड माणसांना अडवणं, एवढंच त्यांचं काम.

या पाचांतला मधला म्हणजे सेंटर. तो आपल्या दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो आणि त्याच क्षणी समोरच्यावर आदळतो. दोन्ही ओळींमध्ये सुरुवातीला अंतर असतं जेमतेम चेंडूच्या लांबीइतकं. डोकं खाली, पाठ वाकलेली. त्यामुळे सगळ्यात आधी काय आदळत असेल, हे तुम्हीच ताडा.

"आयर्न माइक"

वेब्स्टरचा जन्म १९५२ सालचा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला. घरची बटाट्याची शेती होती. विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून खेळल्यावर १९७४ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स संघाने त्याला पाचव्या फेरीत घेतलं. पाचव्या फेरीत, म्हणजे फार मोठी अपेक्षा नव्हती. उंची साधारण १८५ सेंटीमीटर, वजन ११५ किलोच्या आसपास. आपल्याला हे अवाढव्य वाटेल, पण लाइनमन म्हणून तो लहानखुराच होता. ती कसर त्याने व्यायामाने आणि जिद्दीने भरून काढली.

पुढचा हिशोब बघा. स्टीलर्सबरोबर चार सुपर बोल विजेतेपदं. पहिल्या वर्षापासून १९८५ पर्यंत सलग १७७ सामने, मध्ये एकही चुकला नाही. १९८६ मध्ये कोपर निखळलं तेव्हा ही साखळी तुटली. पिट्सबर्गमध्ये १५ वर्षं, मग कॅन्सस सिटी चीफ्सकडून दोन. एकूण १७ हंगाम आणि २४५ सामने. कडाक्याच्या थंडीतही बाह्या वर करून उघड्या दंडांनी खेळायचा. लोकांनी नाव ठेवलं "आयर्न माइक".

आता एक ढोबळ गणित करू. एका सामन्यात एका संघाचे ६० च्या आसपास प्ले होतात. २४५ गुणिले ६० म्हणजे जवळपास १५ हजार. शेवटच्या वर्षांत तो प्रत्येक प्ले खेळला नसेल, म्हणून थोडे कमी धरा. पण मग सराव आलाच, कॉलेज आलं, शाळा आली. आकडा नक्की किती हा मुद्दाच नाही. मुद्दा असा, की यातले बहुतेक फटके इतके किरकोळ होते की ते कुणी मोजलेच नाहीत. खुद्द त्यानेही नाही.

कवटीच्या आत काय होतं?

एसटीने अचानक ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो, कारण बस थांबते पण आपलं शरीर त्याच वेगात असतं. कवटी आणि मेंदूचं असंच आहे. कवटी थांबते, आतला मेंदू थांबत नाही. हेल्मेटमुळे कवटी फुटत नाही, आणि ते काम हेल्मेट चोख करतं. पण आतल्या मेंदूचं हलणं हेल्मेटला पूर्ण थांबवता येत नाही.

मेंदू मऊ असतो, साधारण घट्ट लागलेल्या दह्यासारखा. दह्याचं भांडं सरळ सरकवलं तर फार काही होत नाही, पण झटक्याने फिरवलं तर दह्याला चिरा पडतात. मेंदूलाही सरळ धक्क्यापेक्षा फिरण्याचा झटका जास्त जाचतो. चेतापेशींना ॲक्सॉन नावाचे लांब धागे असतात, ते अशा वेळी ताणले जातात.

इथे टाऊ येतं. ॲक्सॉनच्या आत मालवाहतुकीसाठी सूक्ष्म नळ्या असतात आणि त्या नळ्यांना टाऊ आधार देतं. धागा ताणला गेला की टाऊ नळीवरून सुटतं, त्यावर नको तितके फॉस्फेट चिकटतात आणि सुटलेले रेणू एकमेकांना धरून गुठळ्या करू लागतात.

माझ्या पीएचडीच्या कामात मी हेच टाऊ रोज बघते. शुद्ध टाऊ पाण्यात छान विरघळून राहतं, आपणहून सहसा गुठळ्या करत नाही. लॅबमध्ये त्यात हेपॅरिनसारखं काहीतरी टाकून त्याला मुद्दाम डिवचावं लागतं. एकदा गुठळी व्हायला लागली की मात्र ती पुढच्या रेणूंनाही आपल्याकडे ओढते. म्हणून सुरुवात कशाने होते हा प्रश्न इतका महत्त्वाचा.

खेळ संपल्यानंतर

वेब्स्टर १९९१ मध्ये निवृत्त झाला. त्यानंतर त्याची स्मरणशक्ती आणि भान हळूहळू घसरत गेलं. पैसे कुठे गेले कळेना, संसार मोडला. कधीकधी तो आपल्या पिकअप ट्रकमध्येच झोपायचा. दुखण्यामुळे झोप लागत नसे, म्हणून स्वतःला विजेचा झटका देऊन तो झोपायचा प्रयत्न करी. १९९७ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये मानाने घेतलं, त्याचं कौतुक करायला त्याचा जुना क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ उभा राहिला, पण वेब्स्टरचं स्वतःचं भाषण भरकटत गेलं.

१९९९ मध्ये एक गोष्ट घडली, तिच्याकडे नीट लक्ष द्या. त्याने अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला होता. डॉक्टरांचे अहवाल वाचून एनएफएलच्या निवृत्तिवेतन मंडळाने मान्य केलं, की हा माणूस कायमचा आणि पूर्ण अपंग आहे, आणि त्याचं कारण फुटबॉल खेळताना डोक्याला झालेल्या इजा. पुढे वाद राहिला तो हे अपंगत्व कधीपासून धरायचं यावर, कारण रक्कम त्यावर ठरत होती. ते भांडण कोर्टात गेलं. अपिलाचा निकाल त्याच्या वारसांच्या बाजूने लागला २००६ मध्ये. तोवर त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

साधा दिसणारा मेंदू

सप्टेंबर २००२ मध्ये वेब्स्टर हृदयविकाराने गेला. पिट्सबर्गच्या शवागारात त्याचं विच्छेदन मूळ नायजेरियाच्या एका तरुण डॉक्टरकडे आलं, बेनेट ओमालू. ओमालूंना फुटबॉलमधलं फार कळत नव्हतं. या माणसाचं वागणं शेवटी असं का झालं, एवढं मात्र त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मेंदू बाहेरून अगदी साधा दिसत होता. आकसलेला नाही, जखम नाही. दुसरा कुणी असता तर फाइल बंद झाली असती. ओमालूंनी मेंदू जपून ठेवला, त्याचे पातळ काप करून घेतले, टाऊ दिसेल असे रंग वापरले, आणि खर्च स्वतःच्या खिशातून केला. सूक्ष्मदर्शकाखाली टाऊच्या गुठळ्या दिसल्या, पण अल्झायमरमध्ये दिसतात त्या मांडणीत नव्हेत.

बॉक्सरांच्या बाबतीत असं काही होतं हे जुनंच. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड यांनी "पंच ड्रंक" बॉक्सरांबद्दल लिहिलं होतं. पण एनएफएलच्या खेळाडूत हे पहिल्यांदाच नोंदलं जात होतं. २००५ मध्ये "न्यूरोसर्जरी" या नियतकालिकात ओमालू आणि सहकाऱ्यांचा लेख आला. आजाराचं नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, थोडक्यात सीटीई.

एनएफएलने डोक्याच्या इजांसाठी १९९४ मध्येच स्वतःची समिती नेमली होती. तिचे पहिले अध्यक्ष सांधेविकारांचे डॉक्टर होते, मेंदूचे नव्हेत. समितीतल्या तिघांनी पत्र लिहून हा लेख मागे घ्यावा अशी मागणी केली. नियतकालिकाने तो मागे घेतला नाही. २००६ मध्ये ओमालूंनी दुसरा रुग्ण मांडला, टेरी लाँग. तोही स्टीलर्सचा, तोही लाइनमन, आणि काही वर्षं वेब्स्टरच्याच ओळीत खेळलेला. तो ४५ व्या वर्षी गेला होता.

म्हणजे बघा, निवृत्तिवेतन मंडळाने जे १९९९ मध्ये कागदावर मान्य केलं, तेच वैज्ञानिक समिती पुढे कित्येक वर्षं नाकारत राहिली. फुटबॉल आणि सीटीईचा संबंध आहे हे एनएफएलच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे उघडपणे मान्य केलं ते मार्च २०१६ मध्ये.

१११ पैकी ११०: हा आकडा कसा वाचायचा?

२०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या ॲन मॅकी यांच्या गटाने फुटबॉल खेळलेल्या २०२ जणांच्या मेंदूंचा अभ्यास छापला. १७७ मेंदूंत सीटीई होतं. त्यातल्या एनएफएल खेळाडूंमध्ये तर १११ पैकी ११० जणांत.

बातम्यांत हा आकडा "९९ टक्के खेळाडूंना सीटीई" असा आला. तो तसा वाचायचा नाही. हे मेंदू कुटुंबांनी दान केलेले होते, आणि घरच्या माणसात काहीतरी बिघडलंय असं ज्यांना वाटलं तेच दान करण्याची शक्यता जास्त. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाड्या मोजून शहरातल्या किती टक्के गाड्या बंद पडतात हे सांगता येत नाही, तसंच हे. संशोधकांनी लेखात हे स्पष्ट लिहिलं होतं.

पण म्हणून आकडा फेकूनही द्यायचा नाही. सीटीईची खूण फार विशिष्ट आहे. मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती जमलेलं टाऊ. मेंदूच्या यांत्रिक मॉडेलमध्येही फटक्याचा ताण घड्यांच्या तळाशीच जास्त जमतो. आणि ही खूण प्रामुख्याने वारंवार डोक्याला मार बसलेल्या लोकांतच दिसते.

तर मग, मोठा फटका की छोटे?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. आपण इतके दिवस एकच गोष्ट मोजत होतो, ती म्हणजे कन्कशन. खेळाडूला भोवळ आली, तो गोंधळला की नोंद. लाइनमनला हे रोज होत नाही. कॉलेज खेळाडूंच्या हेल्मेटमध्ये सेन्सर बसवून झालेल्या अभ्यासांत एक चित्र दिसलं. सगळ्यात जोरदार फटके क्वार्टरबॅक आणि चेंडू घेऊन पळणाऱ्यांना बसतात, पण फटक्यांची संख्या सगळ्यात जास्त ओळीत आणि ओळीजवळ खेळणाऱ्यांची. लाइनमनचे बहुतेक फटके मध्यम असतात. लक्षण काहीच नाही. तो उठतो आणि पुढच्या प्लेसाठी पुन्हा वाकतो.

२०२३ मध्ये बॉस्टनच्याच गटाने ६३१ फुटबॉलपटूंचे दान केलेले मेंदू आणि अशा सेन्सरच्या नोंदी एकत्र ठेवून बघितल्या. प्रत्येकाने कोणत्या जागी किती वर्षं खेळलं, त्यावरून आयुष्यभरात डोक्याने किती धक्के आणि एकूण किती जोर सोसला याचा अंदाज काढला. कुणाला सीटीई होतं आणि ते किती गंभीर, याचा मेळ कन्कशनच्या संख्येशी बसला नाही. तो बसला एकूण सोसलेल्या जोराशी.

वेब्स्टरचं आयुष्य या एका वाक्यात बसतं. त्याचं न चुकणं, सलग १७७ सामने, १७ हंगाम, ज्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, तेच त्याच्या मेंदूवरचं ओझं होतं.

मग करायचं काय?

जिवंत माणसात सीटीईचं खात्रीचं निदान आजही होत नाही, ते मृत्यूनंतरच होतं. उपचारही नाही. पण ओझं मोजता येतं, तर कमीही करता येतं. २०११ च्या करारापासून एनएफएलमध्ये हंगामात पूर्ण पॅड घालून करायच्या सरावाला १४ दिवसांची मर्यादा आली. २०२२ पासून हंगामापूर्वीच्या सरावात लाइनमनना हेल्मेटवर जाड मऊ टोपी सक्तीची झाली. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळातही अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग करू द्यायचं नाही असं ठरवलं. हे सगळे उपाय मोठा फटका टाळण्यापेक्षा छोटे फटके कमी करण्याचे आहेत.

तुमच्या घरात कुणी बॉक्सिंग किंवा फुटबॉल खेळत असेल तर घाबरून खेळ बंद करा असं मी म्हणणार नाही. एनएफएलच्या लाइनमनचे आकडे शाळेतल्या मुलाला तसेच्या तसे लावता येत नाहीत. फक्त प्रशिक्षकाला एक प्रश्न विचारा. "डोक्याला लागलं तर काय करता?" हे तर विचाराच, पण त्याच्याही आधी विचारा, "आठवड्याभराच्या सरावात डोक्याला किती वेळा लागतं?"

वेब्स्टरला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तेव्हा तो विचारायचा असतो हे कुणाला माहीतच नव्हतं. आता आहे.