बांगड्याचे पहिले सहा तास

जिवंत बांगड्याच्या मांसात जंतू नसतात. ते असतात कातडीवरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि आतड्यांत. मासा जिवंत आहे तोवर त्याचं शरीर त्यांना तिथेच रोखून धरतं. मासा मेला की ही राखण संपते आणि जंतू हळूहळू मांसात शिरतात. पोटात नुकतंच खाल्लेलं अन्न असेल तर पाचकरस स्वतःच्याच पोटाची भिंत विरघळवू लागतात. तारली आणि बांगडा यांची पोटं लवकर फुटतात ती यामुळेच.

मासा नासण्याच्या बहुतेक खुणा आपल्याला कळतात. समुद्री माशाच्या मांसात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचं, स्वतःला वास नसलेलं द्रव्य असतं. जंतू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात आणि शिळ्या म्हावऱ्याचा तो ओळखीचा वास येतो. डोळे खोल जातात, कल्ल्यांचा लाल रंग तपकिरी होतो, बोटाने दाबलेला खड्डा भरून येत नाही. बाजारात अनुभवी बाई कल्ला उचलून पाहते ती याच खुणांसाठी, आणि ती पारख खरीच आहे. पण बांगडा, तारली, कुपा या माशांच्या बाबतीत एक गोष्ट या पारखीतून सुटते.

या माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. कल्ल्यांत आणि आतड्यांत राहणारे काही जंतू एक विकर तयार करतात आणि ते विकर हिस्टिडिनचं हिस्टामिन करतं. हिस्टामिनला वास नाही, रंग नाही. ते वाढलेला मासा दिसायला चांगला असू शकतो. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात चेहरा लालबुंद होतो, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, कधी उलटी-जुलाब होतात. जिभेला मिरी खाल्ल्यासारखी चुणचुण लागली तर तो घास तिथेच थांबवावा, आणि श्वास लागला किंवा घेरी आली तर लगेच डॉक्टर गाठावा. पुष्कळ जण याला माशाची ॲलर्जी समजून आयुष्यभर बांगडा सोडतात. खरं तर त्यांच्या शरीराचा त्यात काहीच दोष नसतो. त्या दिवशीचा मासा वाईट असतो.

शिजवल्याने जंतू मरतात, विकरही निकामी होतं, पण आधीच तयार झालेलं हिस्टामिन तसंच राहतं. तळा, तिखट-कोकमात उकळा, डब्यात घालून प्रचंड उष्णता द्या, ते हटत नाही. मीठही त्याला घालवू शकत नाही, म्हणून शिळा बांगडा खारवून वाचवता येत नाही. ते तयार होऊ न देणं हा एकच उपाय आहे, आणि तो उपाय स्वयंपाकघराच्या फार आधी, होडीवर करावा लागतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा याबाबतचा दंडक स्पष्ट आहे: हवा किंवा पाणी 28.3 अंश सेल्सियसपेक्षा गरम असेल तर असा मासा मेल्यापासून जास्तीत जास्त सहा तासांत बर्फात गेला पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर पाणी आणि हवा दोन्ही हा आकडा सहज ओलांडतात, म्हणजे कोकणाला हीच मर्यादा धरून चालावं लागेल. यातला ‘मेल्यापासून’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. कल्ल्यांत अडकवणाऱ्या जाळ्यात बांगडा रात्रीच अडकून मेलेला असू शकतो. पहाटे जाळं ओढलं तेव्हा तो ताजा वाटतो, पण त्याचे काही तास पाण्यातच संपलेले असतात. रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातून, जिवंत ओढलेल्या माशाचे तास मात्र किनाऱ्यावर सुरू होतात, आणि तिथे तो वाळूत उन्हात पडून राहिला तर तेही भराभर जातात.

आता बर्फाचं गणित. एक किलो बांगडा 28 अंशांवरून 0 अंशावर आणायला साधारण 23 किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. एक किलो बर्फ वितळताना सुमारे 80 किलोकॅलरी शोषतो. म्हणजे कागदावर 300 ग्रॅम बर्फ पुरतो. पण पेटीच्या भिंतींतून, झाकणातून, उन्हातून उष्णता सतत आत येत राहते आणि ती घालवायलाही बर्फच लागतो. म्हणून उष्ण प्रदेशात किलोला किलो हे प्रमाण धरतात. इथे मच्छीमाराची अडचण समजून घ्यायला हवी. बर्फ बंदरावर विकत घ्यायचा असतो आणि जाळ्यात किती येणार हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसतं. मासळी कमी मिळाली तर बर्फाचे पैसे पाण्यात जातात; थवा सापडला तर तोच बर्फ अपुरा पडतो, आणि सगळ्यात जास्त मासा नेमका त्याच दिवशी उघडा राहतो. बंदरावर वाजवी भावात बर्फ आणि होडीत उष्णतारोधक कप्पा यांवर केलेला सरकारी खर्च मला म्हणूनच दिखाऊ इमारतींपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

बर्फ कसा घातला यालाही तेवढंच महत्त्व आहे. लादीचे मोठे तुकडे माशाला मोजक्या जागी टेकतात, मधे हवा राहते, आणि त्यांच्या कडांनी मऊ पोटं फाटतात. बारीक चुरा सगळीकडून लागतो. तळाला बर्फ, मग मासा, मग बर्फ, असे थर द्यायचे आणि वरचा थर जाड ठेवायचा. पेटी उथळ हवी, नाहीतर तळचे मासे चेपतात. तळाला भोक हवंच: वितळलेलं पाणी वरून खाली जाताना बुळबुळीत थर आणि जंतू धुऊन नेतं, मासा ओला ठेवतं, पण तेच पाणी साचलं तर खालचा मासा त्या घाणीत भिजतो. एकदम खूप बांगडा आला तर समुद्राचं स्वच्छ पाणी आणि बर्फ यांचा काला सर्वांत झटपट गारवा देतो, कारण तो प्रत्येक माशाला चहूबाजूंनी भिडतो.

बर्फात उशिरा घातलेल्या बांगड्यात आणखी एक अडचण असते. थंडीने जंतूंची वाढ थांबली तरी आधी तयार झालेलं विकर हळूहळू काम करतच राहतं. गोठवल्यावर ते स्वस्थ बसतं, मरत नाही. त्यामुळे लिलावानंतर ओतलेला बर्फ आधीचे गेलेले तास परत आणू शकत नाही.

2018 मध्ये गोव्यात मासा टिकवायला फॉर्मलिन लावल्याच्या संशयावरून मोठी खळबळ उडाली. फॉर्मलिन माणसात कर्करोग घडवू शकतं आणि ते माशात घालणं बेकायदाच आहे. ती काळजी रास्त होती. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ते ओळखायला कागदी पट्टीची सोपी चाचणीही तयार केली. बर्फाला झालेल्या उशिराबद्दल मात्र ग्राहक क्वचितच विचारतो. विचारायला हवं: मासा कधीचा, कुठून आला, बर्फात केव्हा गेला? पाटीत बर्फ दिसत नसेल आणि ऊन चढलेलं असेल तर त्या दिवशी बांगड्याऐवजी दुसरं म्हावरं घ्यावं. पापलेटात किंवा बोंबलात हिस्टामिनचा धोका बांगड्याइतका नसतो. बोंबील नासतो तो वेगळ्या वाटेने, त्याच्या मांसात पाणीच फार म्हणून, आणि तो बांबू-दोऱ्यांच्या वलांडीवर वाळवण्यामागे पाणी काढून घेणं हाच हेतू असतो.

घरी आणलेल्या बांगड्याचे कल्ले आणि आतडी लगेच काढावीत, कारण जंतूंचं मुख्य ठाणं तेच. मग स्वच्छ धुऊन घ्यावा. घरच्या फ्रिजमध्ये बहुधा 4-5 अंश असतात, आणि त्या तापमानाला मासा बर्फातल्यापेक्षा दुपटीने लवकर खराब होतो. 10 अंशांना चौपटीने. म्हणून फ्रिजमध्येही तो चाळणीत बर्फावर ठेवावा, खाली भांडं ठेवावं, म्हणजे पाणी निथळेल. फ्रीजरमधला मासा सकाळी शिजवायचा असेल तर रात्रीच खालच्या कप्प्यात काढावा. ओट्यावर ठेवला तर मधला भाग दगडासारखा गोठलेला असतानाच पोटाकडची पातळ कड खोलीइतकी गरम होते, आणि स्वस्थ बसलेलं विकर तिथून पुन्हा कामाला लागतं.